फी सरकारने भरली, व्याज बापाने



बैठकीच्या अंकात भाव, वीज, कर्ज यांवर लिहायचे सोडून हा माणूस नर्सिंगच्या फीवर काय लिहायला बसला, असे काहींना वाटेल. वाटू द्या. आधी हिशेब मांडतो, मग हा विषय आपला आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आमच्या गावात चार एकर कोरडवाहू जमीन असलेला एक शेतकरी आहे. पीक सोयाबीन आणि तूर. त्याच्या मुलीला २०२४ साली सरकारी प्रवेश फेरीतून खाजगी कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला जागा मिळाली. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने निर्णय काढला होता. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आरक्षणाच्या व इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पेपरात फोटो आले. बापाने गावात पेढे वाटले.

कॉलेजात गेल्यावर कारकून म्हणाला, "माफी आहे ना, मग सरकारकडून पैसे आले की परत देऊ. आज ६० हजार भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल." पात्र मुलीकडून प्रवेशाच्या वेळी ही फी मागू नये असे सरकार कॉलेजांना बजावत असते. पण सरकारचा कागद मुंबईत आणि कारकुनाची खिडकी समोर.

बाप बँकेत गेला. बँकेने शैक्षणिक कर्जासाठी बापाला सहकर्जदार धरले आणि त्याचा सिबिल काढला. दोन हंगामांपूर्वीचे पीककर्ज थकलेले. "तुमचा सिबिल खराब आहे. बिगरशेती प्लॉट असेल तर तारण द्या, बघू." शेवटी तालुक्याच्या एका खाजगी सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना दराने ६० हजार उचलले. सरकारचे पैसे आले ११ महिन्यांनी. तोवर व्याज झाले १९ हजार ८०० रुपये.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात हातात पडत होते ४ हजारांच्या आसपास. म्हणजे ती फी झाली १५ क्विंटल सोयाबीन. एकरी ५ क्विंटल धरले तर त्या माणसाचे सगळे पीक २० क्विंटल. नुसते व्याज भरायला जवळजवळ ५ क्विंटल, म्हणजे अख्ख्या एका एकराचे सोयाबीन गेले. बियाणे, खत, फवारणी, काढणीचा खर्च यात धरलेलाच नाही.

मुलगी मला विचारत होती, "काका, फॉर्म तर मंजूर दाखवतोय, मग पैसे कुठंयत?" मी कृषी पदवीधर, पण त्या पोरीला देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मदत आहे, पण कशी?

सरकार काहीच करत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांना निम्मी शिक्षण फी मिळते. मुलींना २०२४ पासून पूर्ण. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या विद्यार्थ्यांचे शिकत असतानाचे व्याज भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात तारण नको, जामीनदार नको, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंत ३ टक्के व्याज सवलत.

वाचायला छान आहे. आता फटी पाहा.

पहिली फट वेळेची. पिकाला पाणी फुलोऱ्यात लागते. काढणीनंतर धरण सोडले तर त्याला सिंचन म्हणत नाहीत. फीचे पैसे प्रवेशाच्या दिवशी लागतात, आणि सरकारचे पैसे पुढच्या पावसाळ्यात येतात. मधले अंतर सावकार भरून काढतो.

दुसरी फट खर्चाची. माफी शिक्षण फी आणि परीक्षा फीची. खोली, खानावळ, गणवेश, पुस्तके, अनामत, दवाखान्यात ड्यूटीला जायचे भाडे हे सगळे बापाच्या खिशातून. निर्वाह भत्ता सुरू झाला तेव्हा मोठ्या शहरांत वर्षाला ३० हजार आणि इतर ठिकाणी २० हजार असा होता. १० महिन्यांनी भागा, महिन्याला ३ हजार आणि २ हजार. आकडा पुढे कितीही वाढवला, तरी तो दर महिन्याला हातात आला नाही तर खानावळवाला थांबत नाही.

तिसरी फट संस्थेची. विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली तेव्हा देशातल्या ८६० नामांकित संस्थांपुरती होती. आपल्या मुली जिथे नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅब तंत्रज्ञान शिकतात, ती जिल्ह्याच्या गावची कॉलेजे त्या यादीत शोधून पाहा. फीमाफीच्या निर्णयातूनही खाजगी अभिमत विद्यापीठे आणि संस्थेच्या कोट्यातल्या जागा बाहेर आहेत. तिथले प्रवेश ज्यांना परवडतात ते घेतात.

चौथी फट सर्वांत मोठी, कर्जाची. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नाही, असा नियम आहे. आमच्या शेतकऱ्याला हवे होते ६० हजार. तरी प्लॉट मागितला. आणि साडेसात लाखांच्या वर गेले, म्हणजे खाजगी मेडिकलच्या रकमेपर्यंत पोहोचले, की तारण हवेच. तिथे शेतजमीन बहुतेक बँकांना नको असते. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला कोर्टाबाहेर जप्तीचा जो अधिकार दिला, त्यातून शेतजमीन वगळली आहे. ती वगळली हे बरेच झाले, ती सूट काढा असे मी मुळीच म्हणत नाही. पण गंमत पाहा. पीककर्ज देताना त्याच सातबाऱ्यावर बोजा चढवायला बँकेला अडचण नसते. पोरीला डॉक्टर करायचे म्हटले की तोच सातबारा रद्दी होतो.

राहिला सिबिल. पीककर्ज का थकले? माल खर्चाखाली विकावा लागला म्हणून. त्या तोट्याची शिक्षा बापाला मिळालीच होती. आता ती पोरीला वारसाहक्काने मिळते.

आपला प्रश्न कसा?

एका बैठकीत एक जुना कार्यकर्ता मला म्हणाला, "भाऊ, आपण आयुष्यभर सांगत आलो की सरकारने शेतकऱ्याच्या घामाचे मोल द्यावे, भीक नको. आणि आता तुम्ही शिष्यवृत्त्या मागायला निघालात?" प्रश्न रास्त आहे. मालाला भाव मिळाला असता तर त्या बापाने ६० हजार स्वतः भरले असते, कारकुनाच्या तोंडावर. ती लढाई सुटलेली नाही. पण भाव मिळेपर्यंत मुलीचे वय थांबत नाही, आणि गावातला आजारीही थांबत नाही.

या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला स्वतःचे एक कर्ज सांगायचे आहे. मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतली. आमची फी इतकी कमी होती की वडिलांना कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बाकीचा खर्च जनतेने केला. पदवी घेऊन मी काय केले? चार वर्षे एका कीटकनाशक कंपनीची औषधे गावोगाव खपवली. किती लिटर पाण्यात किती मिली, हे मी हजारोंना सांगितले. तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, हेही सांगितले. पण माणूस भोवळ येऊन पडला, तोंडाला फेस आला, डोळ्याच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर पहिल्या तासात काय करायचे हे सांगणारे गावात कुणी नव्हते. मीही नव्हतो, मी पुढच्या गावी गेलेलो असे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी आणि मजूर दगावले. त्या बातम्या वाचताना मला माझे दौरे आठवले. ऑरगॅनोफॉस्फेटच्या विषबाधेत ॲट्रोपिन वेळेत सुरू होणे आणि श्वास चालू ठेवणे यावर जीव असतो. यासाठी लक्षण ओळखणारा, अंगावरचे कपडे काढून रोगी धुऊन काढणारा, श्वास सांभाळत योग्य दवाखान्यात पोहोचवणारा शिकलेला माणूस जवळ हवा. दर वेळी तो एम.बी.बी.एस.च असला पाहिजे असे नाही. चांगली शिकलेली नर्स हे काम सुरू करू शकते.

कागदोपत्री ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची पद्धत आली. त्या पदाला बी.एस्सी. नर्सिंगची मुलगी पात्र ठरते. म्हणजे आपल्या गावची पोर आपल्याच उपकेंद्रावर बसू शकते. पण ते पद कंत्राटी, आणि तिथवर पोहोचण्याआधी तिच्या बापाच्या गळ्याला सावकाराचा फास.

शिकून ती परत येईल का?

हा आक्षेपही खरा आहे. माझेच उदाहरण समोर आहे. म्हणून मी फुकटची बाजू मांडत नाही, देवाणघेवाणीची मांडतो.

सरकारी मेडिकलमधून एम.बी.बी.एस. झालेल्याला एक वर्ष सेवा करावी लागायची, नाहीतर १० लाख दंड, अशी पद्धत होती. याचा अर्थ काय झाला? ज्याच्या बापाकडे १० लाख होते तो सुटायचा, ज्याच्याकडे नव्हते तो खेड्यात जायचा. हे सेवेचे बंधन नव्हते, गरिबीवरचा कर होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केली, पदवीनंतर दोन वर्षे ग्रामीण सेवेची रीत पडली. त्याच सेवाग्रामच्या दवाखान्याने सुगीला ज्वारी घेऊन वर्षभराचा आरोग्य विमा देण्याची पद्धत चालवली. शेतकऱ्याकडे जे आहे ते, जेव्हा आहे तेव्हा घेतले. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर बायांना शिकवून गावाचे आरोग्य सांभाळून दाखवले. गावच्या माणसाला शिकवले तर तो गावात टिकतो, हे महाराष्ट्राला नव्याने शिकायचे नाही.

काय मागायचे?

१. पात्र विद्यार्थ्याची फी सरकारने सत्र सुरू होण्याआधी थेट कॉलेजकडे भरावी. उशीर झाला तर त्याचे व्याज सरकारने आणि कॉलेजने आपसांत पाहून घ्यावे, विद्यार्थ्याकडून एक रुपया घेऊ नये.

२. निर्वाह भत्ता दर महिन्याला खात्यावर यावा आणि महागाईबरोबर वाढावा. दवाखान्यातल्या ड्यूटीचे भाडे त्यात धरावे.

३. पीककर्ज थकले म्हणून मुलामुलींचे शैक्षणिक कर्ज नाकारू नये. ४ लाखांपर्यंत तारण मागणाऱ्या शाखेवर कारवाई व्हावी.

४. उत्पन्नाच्या दाखल्यात शेतीचे उत्पन्न खर्च वजा जाता धरावे. कारखान्याच्या उसाच्या बिलाची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे, हे तहसील कार्यालयात कुणीतरी लिहून लावावे.

५. जो विद्यार्थी राहण्या-जेवणासकट पूर्ण खर्च घेईल, त्याने आपल्या जिल्ह्यात ठरलेली वर्षे काम करावे. दंड भरून सुटका नको. पण सरकारने पदवीनंतर तीन महिन्यांत पूर्ण पगाराची नेमणूक द्यावी. नाही दिली तर विद्यार्थी मोकळा.

पाचवी मागणी आपल्या काही घरांनाही आवडणार नाही. पोरगा शिकला की पुण्या-मुंबईला जावा असे आपल्यालाही वाटते. मलाही वाटत असे. पण गावाच्या पैशावर शिकायचे आणि गावाने दवाखान्यासाठी भाड्याची जीप शोधायची, असे दोन्ही चालणार नाही.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने यादी आणावी. नर्सिंग, आयुर्वेद, फिजिओथेरपी, फार्मसी, मेडिकल शिकणारी आपली किती मुले-मुली आहेत, कुणाकडून किती फी आगाऊ घेतली, किती महिन्यांनी परत आली, कुठल्या शाखेने कर्ज नाकारले. कॉलेजची पावती जपून ठेवा. बँकेने नाही म्हटले तर ते कागदावर मागा. तोंडी नकाराचा मोर्चा काढता येत नाही, लेखी नकाराचा काढता येतो.

ती मुलगी आता तिच्या वर्गात टिकून आहे. गेल्या महिन्यात ड्यूटीवर असताना तिचा फोन आला होता. फवारणीत विषबाधा झालेला एक मजूर त्यांच्या वॉर्डात आला होता. "काका, वाचला," एवढेच म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या बापाच्या एका एकराचे सोयाबीन कुणाच्या कामी आले, ते त्या मजुराला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे. पुढच्या मुलीच्या वेळी तो एकर सावकाराकडे जाऊ नये, यासाठी बैठकीला या.