चिकपेटेतील विद्यार्थ्याचे राज्य कोणते?

बंगळूरच्या चिकपेट मेट्रो स्थानकातून बाहेर पडून कृष्णराज मार्केटच्या दिशेने चालू लागले, की थोड्याच वेळात व्हिक्टोरिया रुग्णालयाची जुनी इमारत दिसते. लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते १९०० साली खुल्या झालेल्या या रुग्णालयाला लागूनच, १९५५ मध्ये सुरू झालेले बंगळूर वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेशमी साड्यांच्या दुकानांमागील गल्ल्यांत, नगरथपेट व ॲव्हेन्यू रोडच्या सराफी परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना हे महाविद्यालय रोज दिसते. मात्र तेथवर पोहोचण्यासाठी गुणांइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते. शिक्षणाच्या खर्चासाठी साहाय्य मागायचे, तर ते कोणत्या सरकारकडे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ असावे लागते.

हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु आपल्या देशात वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा राष्ट्रीय झाली असली, तरी शुल्कसवलत आणि शिष्यवृत्तीचा मोठा भाग आजही राज्यांच्याच हाती आहे. राज्य बदलले की सवलतीचा हक्कही बदलतो, आणि पुष्कळदा तो वाटेतच गळून पडतो.

चिकपेट परिसरातील मराठी वस्ती एकजिनसी नाही. भावसार क्षत्रिय व नामदेव शिंपी समाजाची घराणी कापड व्यवसायाच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थिरावली आहेत. त्यांची घरात बोलली जाणारी मराठी कानडीच्या सहवासाने निराळीच झाली आहे. दुसरा वर्ग गलाई व्यावसायिकांचा. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव या अवर्षणप्रवण तालुक्यांतून सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली ही मंडळी बंगळूरच्या सराफ बाजारातही आहेत. यांचे देवदेव, लग्नकार्य आणि सातबारा गावाकडे. भट्टी, भाड्याची खोली आणि मुलांची शाळा बंगळूरला. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर म्हणून १६३८ चा दाखला मराठी माणूस अभिमानाने देतो. पण कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या अर्जात इतिहासाचा रकाना नाही.

पहिल्या वर्गाची स्थिती तुलनेने बरी आहे. भावसार व शिंपी हे समाज कर्नाटकाच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत २-अ प्रवर्गात मोडतात, तर मराठा समाज ३-ब प्रवर्गात आहे. बारावीपर्यंतच्या शिक्षणापैकी किमान ७ वर्षे कर्नाटकात झाली असतील आणि दहावी किंवा बारावीची परीक्षा तेथून उत्तीर्ण झाली असेल, तर मातृभाषा मराठी असूनही विद्यार्थी राज्याच्या कोट्यातील जागेस पात्र ठरतो. त्यासाठी नाडकचेरीतून, म्हणजे होबळी पातळीवरील महसुली केंद्रातून, जात व उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. त्या दाखल्यावरील ‘आरडी’ अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक हाच पुढे प्रवेशाच्या आणि राज्य शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील अर्जाचा कणा असतो. दाखल्यावरील नावातील एखादे अक्षर आधार कार्डापेक्षा वेगळे असले तरी अर्ज अडतो. मराठी आडनावे कानडी लिपीतून इंग्रजीत जाताना किती रूपे घेतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे गांभीर्य सांगावे लागणार नाही.

गलाई कामगारांच्या मुलांपुढील अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. अशाच एका घरातील मुलगी नीट परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली, असे क्षणभर गृहीत धरू. तिचा जन्म विट्याचा, दहावीपर्यंतची शाळा बंगळूरची. वडिलांनी नातेवाइकांच्या सल्ल्याने तिला अकरावी-बारावीसाठी लातूरला पाठविले. तेथील शिकवणीचा लौकिक पाहता हा निर्णय अगदी स्वाभाविक होता. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा, तर अधिवासाच्या दाखल्याबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असाव्या लागतात. सरकारी सेवेतील बदलीसारखे अपवाद आहेत, पण भट्टीवर बसणाऱ्या माणसाची बदली होत नसते. दहावी कर्नाटकातील म्हणून महाराष्ट्राचे दार बंद.  महाराष्ट्रात मग उरतो तो अखिल भारतीय १५ टक्के कोटा किंवा अभिमत विद्यापीठांचे न परवडणारे शुल्क.

जागेबरोबरच साहाय्यही जाते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने याच उत्पन्नमर्यादेतील इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शुल्कमाफी देण्यात आली. विट्यात शिकलेल्या चुलत बहिणीला हा लाभ मिळेल. चिकपेटेत वाढलेल्या बहिणीला मिळणार नाही. दोघींचे आजोबा एक, शेत एक, उत्पन्नही बहुधा सारखेच.

राज्याची सीमा ओलांडल्यावर सवलतीचे काय होते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रथम ठळकपणे आला तो वैद्यकीय प्रवेशातूनच, आणि तोही मुंबईतून. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या जाणाऱ्या समाजातील, पण वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढलेल्या मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याला सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशात त्या जमातीचा लाभ नाकारण्यात आला होता. घटनापीठाने १९९० मध्ये निकाल दिला, की राज्यघटनेच्या ३४१ व ३४२ या अनुच्छेदांनुसार जात वा जमात ही ‘त्या राज्याच्या संबंधात’ अनुसूचित ठरते. स्थलांतराबरोबर तो दर्जा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात दुसऱ्या घटनापीठाने हेच तत्त्व कायम ठेवले. तर्काच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे, कारण मागासलेपण हे त्या त्या भूमीतील सामाजिक व्यवहारातून घडते. पण ज्या मुलाचे बालपणच दुसऱ्या राज्यात गेले, त्याच्याबाबत हा तर्क तोकडा पडतो, असे म्हणणे भाग आहे.

केंद्राची अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही विद्यार्थी जेथे शिकतो त्या राज्याकडून नव्हे, तर जेथील तो कायम रहिवासी आहे त्या राज्याकडून दिली जाते. महाराष्ट्रात अधिवासाची मुळे शोधायची, तर मानीव दिनांकापूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी बंगळूरहून गावी खेपा घालणारे पालक या तारखा तोंडपाठ म्हणू शकतील.

भाषेच्या आधारे राज्याच्या सीमेपलीकडील विद्यार्थ्यांना सामावून घेणे दोन्ही राज्यांना ठाऊकच नाही, असेही नाही. महाराष्ट्र सरकार सीमाभागातील ८६५ गावांवर दावा सांगते आणि तेथील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात मोजक्या जागा राखून ठेवते. कर्नाटकाच्या नियमावलीतही नेमकी हीच तरतूद उलट दिशेने आढळते. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत आणि गडहिंग्लज तालुक्यांतील कन्नड भाषक विद्यार्थी कर्नाटकातील जागांना पात्र ठरू शकतात. म्हणजे ज्या जमिनीवर वाद आहे, तेथील विद्यार्थ्याची दोन्ही सरकारांना काळजी आहे. बंगळूरवर महाराष्ट्राचा दावा नाही, त्यामुळे चिकपेटेतील मराठी मुलाचे मराठीपण या हिशेबात बसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात सुमारे २० लाख मराठी भाषक होते. त्यांपैकी सीमाभागाबाहेर राहणाऱ्यांच्या वाट्याला ही तरतूद येत नाही.

जागा मिळाली, असे मानले तरी पैशाचे गणित सुटत नाही. कर्नाटकात शासकीय महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाखाच्या आत आहे. खासगी महाविद्यालयातील सरकारी कोट्याच्या जागेस सुमारे दीड लाख, तर त्याच वर्गातील खासगी कोट्याच्या जागेस सुमारे १२ लाख रुपये लागतात. एकच बाक, एकच शवविच्छेदनाचे टेबल आणि आठपट फरक. याची कथा जुनी आहे. कर्नाटकातील तुमकूर येथील एका वैद्यकीय महाविद्यालयाने राज्याबाहेरील विद्यार्थ्यांसाठी आकारलेल्या वार्षिक ६० हजार रुपयांच्या शुल्काला मोहिनी जैन यांनी आव्हान दिले होते. सरकारी जागेचे शुल्क तेव्हा २ हजार रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये कॅपिटेशन शुल्क घटनाबाह्य ठरविले. त्यानंतर उन्नीकृष्णन (१९९३), टी.एम.ए. पै (२००२) आणि पुण्याच्या पी. ए. इनामदार (२००५) या निकालांतून आजची चौकट तयार झाली. संस्थांना शुल्क ठरविण्याचे स्वातंत्र्य मिळाले, नफेखोरीवर बंदी राहिली, आणि या दोहोंमधील रेषा शुल्क समित्यांच्या कागदांत हरवली. खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांचे शुल्क शासकीय महाविद्यालयाइतके असावे, अशी सूचना राष्ट्रीय वैद्यक आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये केली. तिची अंमलबजावणी रखडली.

शिष्यवृत्ती मंजूर होऊनही विद्यार्थी अडचणीत येतो, याचे मुख्य कारण वेळापत्रकात आहे. जागा वाटपानंतर शुल्क भरण्यास मोजकेच दिवस मिळतात. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र अनेक महिन्यांनी, तीही आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. ही मदत प्रत्यक्षात आधी केलेल्या खर्चाची परतफेड असते, आणि ज्याच्यापाशी आधी खर्च करायला पैसे आहेत त्यालाच तिचा निवांतपणे उपयोग होतो. इतरांनी मधल्या काळात सावकाराचे किंवा पेढीमालकाचे दार ठोठवायचे. गलाई धंद्यात मालकाकडून उचल घेण्याची रीत असल्याने प्रवेश पार पडतो खरा; पण ती उचल फेडण्यात वडिलांची पुढील वर्षे जातात.

बँकेच्या कर्जाचा मार्ग या कुटुंबांना सर्वांत अवघड वाटतो, आणि ते निराधार नाही. साधारणतः साडेसात लाख रुपयांवरील शैक्षणिक कर्जाला बँका मूर्त तारण मागतात. गावाकडची जिरायत जमीन भावांमध्ये सामाईक असते. शिवाय शेतजमिनीवर सरफेसी कायद्याखाली जप्ती आणता येत नसल्याने बंगळूरची शाखा ते तारण स्वीकारण्यास उत्सुक नसते. उत्पन्न रोजच्या भट्टीवरचे, त्याची पगारपावती कोठून आणणार?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना या दृष्टीने महत्त्वाची आहे. निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदाराविना कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास ७५ टक्के पतहमी, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, असे तिचे स्वरूप आहे. विद्यार्थी कोणत्या राज्याचा, हे ही योजना विचारत नाही, आणि चिकपेटेच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण. परंतु ती संस्थेची राष्ट्रीय क्रमवारी विचारते. क्रमवारीत न बसणाऱ्या महाविद्यालयातील खासगी कोट्याचा विद्यार्थी, म्हणजे ज्याचे शुल्क साडेचार वर्षांत ५० लाखांच्या पुढे जाते तो, यातून सुटतो. अर्थात अशा जागेसाठी निम्न उत्पन्न गटाने कर्ज काढावे काय, हा वेगळाच प्रश्न आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते काढू नये. नव्या डॉक्टरच्या पहिल्या काही वर्षांच्या मिळकतीतून एवढ्या रकमेचे व्याजही निघणे कठीण असते.

कर्नाटकाच्या बाजूने मागासवर्गीयांसाठी ‘अरिवु’ नावाची अल्प व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना विविध विकास महामंडळांमार्फत राबविली जाते. मराठा समाजासाठी स्वतंत्र महामंडळाची घोषणा येडियुरप्पा सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये ५० कोटी रुपयांच्या तरतुदीसह केली, तेव्हा कन्नड संघटनांनी त्याविरुद्ध बंदही पुकारला होता. राजकारणाचा तो धुरळा खाली बसल्यावर प्रश्न उरतो तो माहितीचा. सूचना कानडीत आणि इंग्रजीत निघतात. मुलांना कानडी येते, पालकांना बाजारापुरतीच. त्यामुळे अर्ज भरण्याचे काम अठरा वर्षांच्या मुलांवरच पडते, आणि तेही नीटच्या तयारीच्या ऐन दिवसांत.

कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून वसतिगृहे उभारली, तेव्हा खेड्यातून आलेल्या मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय आधी, बाकीचे नंतर, असा क्रम होता. बंगळूरमधील मराठी संस्थांना एवढे मोठे काम झेपणार नाही. पण प्रवेश ते शिष्यवृत्ती यांमधील सहा-आठ महिन्यांसाठी बिनव्याजी फिरता निधी उभारणे ॲव्हेन्यू रोडच्या सराफांना अशक्य नाही. शासकीय महाविद्यालयाच्या शुल्कापुरती रक्कम एका विद्यार्थ्यामागे लाखाच्या आतच लागेल आणि शिष्यवृत्ती जमा होताच ती परत येईल.

तोवर पालकांनी पाहायची गोष्ट आठवी-नववीतच आहे. मुलाचे दहावी-बारावीचे गाव एकच ठेवावे आणि ते कोणत्या राज्यातले असावे, हे शिकवणीच्या जाहिरातीवरून नव्हे, तर दोन्ही राज्यांच्या प्रवेश नियमावल्या वाचून ठरवावे. उत्पन्नाचा दाखला निकालानंतर नव्हे, त्याआधीच्या हिवाळ्यात काढावा. बिदर, रायचूर किंवा कलबुर्गी येथील शासकीय महाविद्यालयांचे पर्याय बंगळूर सोडवत नाही म्हणून पसंतीक्रमातून वगळू नयेत. तेथील वसतिगृहाचा खर्च धरूनही ती जागा बंगळूरमधील खासगी कोट्याच्या जागेपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.