हेतुपत्र नावाचा वाङ्मयप्रकार

जीवशास्त्रातील उच्चशिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करताना हेतुपत्र जोडावे लागते. हाच विषय का, हे दीड-दोन पानांत सांगायचे. साताऱ्या-सांगलीकडच्या विद्यार्थ्यांची अशी पत्रे भाषेचे शिक्षक म्हणून आमच्याकडे तपासायला येतात. बहुतेकांचा आरंभ ठरलेला: 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती.'

लिहिणाऱ्याची तासगावला द्राक्षबाग असते. भुरी आणि दावण्या त्याने शाळेत जाण्याआधीपासून पाहिलेले असतात. साताऱ्याच्या मुलीने कासच्या पठारावर वायतुरा पाहिलेला असतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. पत्रात यातले काहीच नसते. विचारले तर उत्तर येते, 'त्यात काय सर, ते घरचंच की.'

दोष इंग्रजीला दिला जातो. आम्हांस तो मान्य नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले, तेव्हा प्रवेशाच्या साऱ्या अटी त्या पुऱ्या करीत नव्हत्या. पुरुष डॉक्टरपेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या स्त्रियांची गरज त्यांनी सरळ मांडली. प्रवेश मिळाला.

मुलाखतीत 'हे तुम्हांला कसे कळले?' असे विचारले की पाठ केलेले वाक्य तिथेच संपते. बाग पाहिलेला मुलगा पुढे बोलू शकतो. पण घरचे ते ज्ञान नव्हे, हे त्याला कोणी शिकवले? तयार वाक्यांच्या निबंधाला वर्षानुवर्षे गुण देणाऱ्या आम्हीच. दुरुस्तीही मराठीच्याच तासाला व्हायला हवी.