सरडा, शिंका आणि सिंह



एका रविवारी दुपारी आमच्या बोईसरच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीजवळून मुलांचा एकच ओरडा ऐकू आला, "शिंका! शिंका!" सासूबाई गॅलरीत तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, बघ तरी, कुणाला एवढ्या शिंका येताहेत?" खाली जाऊन पाहते तर पाच-सहा मुलांनी एका सरड्याला भिंतीच्या कोपऱ्यात गाठलेलं. दोघांच्या हातात बारीक खडे. आमचे चिरंजीव, इयत्ता चौथी, सगळ्यांच्या पुढे. सरडा मान वरखाली करत होता, त्याचा गळा लाल झाला होता, आणि त्याचा रंग बदलला की पोरं टाळ्या पिटत होती.

हे 'शिंका' म्हणजे आपलं शिंकणं नव्हे. जपानी भाषेत उत्क्रांतीला 'शिंका' म्हणतात. 'डिजिमॉन' या कार्टूनमध्ये मुलांचा सोबती असलेला छोटा प्राणी लढाईच्या वेळी हा शब्द ओरडतो आणि मोठा, बलवान होतो. आमची मोठी मुलगी ते मोबाइलवर बघते. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ताईसाहेब धाकट्याला ते मराठीत वाचून दाखवतात. तिथून तो शब्द खाली खेळायला उतरला. बोईसरमध्ये एमआयडीसीमुळे साऱ्या देशातली माणसं आहेत, त्यामुळे मुलं एकमेकांशी हिंदीत बोलतात. पण हा जपानी शब्द मात्र सगळ्यांना एकसारखा समजतो!

सरडा सुटला. मुलाला घरी आणलं. रागवायच्या आधी मी ठरवलं, हे आहे तरी काय ते स्वतः बघू या. दोन आठवडे रात्रीची भांडी आवरली की लेकीबरोबर बसले. जुनीही मालिका बघितली, नवीही बघितली. आज लिहिते आहे ते त्यातून.

डिजिमॉनचा जन्म टीव्हीवर झालेला नाही. 1996 साली जपानच्या बांदाई कंपनीने तामागोची नावाचं एक अंड्याएवढं खेळणं काढलं. छोट्याशा पडद्यावर एक पिल्लू, त्याला वेळेवर भरवायचं, त्याची घाण काढायची, झोप आली की दिवा मालवायचा. दुर्लक्ष केलं तर ते मरायचं. 1997 मध्ये त्याच धर्तीवर लढणारं डिजिमॉनचं खेळणं आलं. दोन खेळणी जोडली की आतले प्राणी झुंजायचे. पण झुंजायच्या आधी सांभाळणं आलंच. मला हे वाचून गंमत वाटली. एवढ्या मोठ्या धंद्याच्या मुळाशी काय आहे, तर भरवणं, पुसणं आणि निजवणं. म्हणजे आपलंच रोजचं काम.

मग 1999 मध्ये मालिका आली. 54 भाग. उन्हाळी शिबिराला गेलेली सात मुलं वेगळ्याच जगात जाऊन पडतात, आठवी नंतर येते. प्रत्येकाला एक सोबती मिळतो. पोकेमॉनसारखा चेंडू फेकून पकडायचा नाही. तो प्राणी त्या मुलाची आधीपासून वाटच बघत असतो. तीच गोष्ट नव्या मुलांसाठी 2020 च्या एप्रिलमध्ये पुन्हा सुरू केली. तीन भाग झाले आणि कोरोनामुळे थांबली, जूनअखेरीस परत चालू झाली, 67 भाग होऊन सप्टेंबर 2021 मध्ये संपली.

जुनी गोष्ट पुन्हा सांगायला माझी अजिबात हरकत नाही. आपण जैन कोणत्या तोंडाने हरकत घेणार? आचार्य जिनसेनांनी आदिपुराण लिहायला घेतलं, ते पुरं व्हायच्या आत त्यांचा देह पडला. राहिलेलं काम शिष्य गुणभद्रांनी उत्तरपुराण लिहून पूर्ण केलं. आदिनाथांची तीच कथा पंपकवीने 941 मध्ये कन्नडमध्ये आपल्या लोकांसाठी नव्याने सांगितली. गोष्ट जिवंत राहायची तर प्रत्येक पिढीने ती आपल्या तोंडाने सांगायला हवी. भांडं नवं आणा, कल्हई करा. आत शिजतंय काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

नव्या मालिकेची सुरुवात मला आवडली. इंटरनेटमध्ये बिघाड होतो, शहर कोलमडतं, आणि नायक ताइचीची आई आणि बहीण ज्या ट्रेनमध्ये आहेत ती ट्रेन थांबतच नाही. आमच्या इथल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. बाबा विरार-डहाणू लोकलने येतात, थोड्या अंतरावर 1969 पासून चालणारं तारापूरचं अणुवीज केंद्र आहे, आजूबाजूला कारखाने. मोठ्या यंत्रांच्या सावलीत राहणं म्हणजे काय हे त्यांना कळतं. काळाप्रमाणे गोष्ट बदलली ती ही अशी, आणि ठीकच बदलली.

पण पुढे काय झालं? जवळजवळ प्रत्येक भागात नवा शत्रू, नवी लढाई, आणखी मोठं रूप. चित्रं झकास, वेग भन्नाट. जुन्या मालिकेत मात्र मुलांची घरं होती. यामातो आणि ताकेरू हे सख्खे भाऊ, आईवडील वेगळे झाले म्हणून दोन घरांत वाढणारे. कोशिरोला आपण दत्तक आहोत हे चोरून ऐकून कळलेलं. सोराला वाटतं आईचं आपल्यावर प्रेमच नाही. जोच्या डोक्यावर डॉक्टर होण्याचं ओझं. लढाया तिथेही होत्या, पण बळ कुठून येतं तर या गाठी सुटण्यातून. नव्यात ही घरं फार मागे पडली.

आणि जुन्यातला सोळावा भाग. मैत्रिणींनो, दुसरं काही नाही तरी तेवढा मुलांबरोबर बघा. ताइचीला घाई झाली आहे. आपला आगुमॉन आणखी बलवान व्हायलाच हवा. म्हणून तो त्याला बळेबळे खायला घालतो. पोट भरलं तरी घालतोच. (इथे मी स्वतःलाही पाहिलं. परीक्षेच्या दिवसांत बदाम, दूध, आणखी एक पोळी.) मग लढाईत त्याला जबरदस्तीने मोठं करण्यासाठी मुद्दाम स्वतःला संकटात घालतो. आगुमॉन मोठा होतो खरा, पण हाडांचा सापळा होऊन. तो कुणालाच ओळखत नाही, मित्रांवरच उलटतो. शेवटी दमून अगदी लहानसं पिल्लू होऊन पडतो आणि वर तोच ताइचीची माफी मागतो, तुझी अपेक्षा मी पुरी करू शकलो नाही म्हणून.

हे पाहताना चिरंजीव गप्प झाले. मी काही बोलले नाही.

आपल्याकडे पाठशाळेत शिकवतात, क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. कषायाने जीव वाढत नाही, बांधला जातो. जपानी लेखकाने आपली पाठशाळा केलेली नाही, तरी त्याला हे दिसलं होतं. मग त्याच गोष्टीची नवी आवृत्ती काढताना लढाया वाढवायच्या आणि घरं कमी करायची, हे कसं चाललं?

सासूबाईंचं म्हणणं सरळ आहे, "मारामारी ती मारामारी. बंद करा." त्यांचं चूक नाही. पाप तीन वाटांनी लागतं असं आपण मानतो. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि झालेल्याला मान डोलावणं. या मालिकेत मुलं स्वतः लढत नाहीत, सोबत्याला लढवतात. म्हणजे कारित. आणि सोफ्यावर बसून टाळ्या वाजवणारे आपण म्हणजे अनुमोदना. भिंतीजवळच्या त्या पोरांनी तीनही पुरे केले.

तरीही मी बंद केलं नाही. बंद केलं तर तो मित्राच्या घरी बघेल, आणि तिथे सोळावा भाग कुणी दाखवणार नाही. मी एवढंच केलं की लढाई संपली की विचारते, "आता त्या प्राण्याला काय वाटलं असेल?" पहिल्या दिवशी तो वैतागला. आता कधीकधी स्वतःच सांगतो.

या नव्या आवृत्त्या काढणाऱ्यांना आमच्यासारख्या आयांचं ऐकायची गरज नाही, हे मला माहीत आहे. त्यांना खेळणी आणि पत्ते विकायचे असतात. पण मालिका पुन्हा पुन्हा येतच राहणार. पोकेमॉननेही 2023 मध्ये ॲशला निरोप देऊन लिको नावाच्या लाजऱ्या मुलीला पुढे आणलं. म्हणून आपली मोजपट्टी आपल्याजवळ असावी. माझी सांगते. त्या मालिकेत कुणी सोबत्याला भरवतं का? त्याला दुखलं तर थांबतं का? हरलेल्या शत्रूचं पुढे काय होतं हे दाखवतात का? तीनपैकी एकही नसेल तर ती नुसती जाहिरात समजावी.

त्या रात्री झोपताना मी त्याला उत्तरपुराणातल्या सिंहाची गोष्ट सांगितली. महावीर भगवंतांचा कितीतरी भव आधीचा जीव. हरिण मारून खात असताना आकाशमार्गाने जाणारे दोन मुनी खाली उतरतात आणि त्याला समजावतात. सिंहाला मागचे भव आठवतात, त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तो व्रत घेतो. आणि महावीरांचं लांछनही सिंहच. मी म्हटलं, "बघ, याला म्हणतात शिंका. कुणाला मारून नाही, थांबून."

मला वाटलं, छान जमलं. तर अंधारातून प्रश्न आला, "पण आई, सिंह गवत खात नाही ना? मग त्याने काय खाल्लं?"

काही खाल्लं नाही, बाळा. अन्नत्याग केला, असं पुराण सांगतं. हे नऊ वर्षांच्या मुलाला रात्री साडेनऊला कसं सांगायचं, ते मला सुचेना. "उद्या सांगते," म्हटलं. तो उद्या अजून आलेला नाही. तुमच्यापैकी कुणी आपल्या मुलांना हे सांगितलं असेल तर कसं सांगितलंत, मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.