प्रशिक्षणाचे तिकीट मिळाले, पण उतरायचे कोठे?

एप्रिल महिन्यात भारत सरकारचे नवे आर्थिक वर्ष सुरू होते, आणि त्या सुमारास आपल्या बेटावरील सरकारी कचेऱ्यांतून प्रशिक्षणाची परिपत्रके फिरू लागतात. हिशेबनीस, शिक्षक, सहकारी संस्थांचे कारभारी, संगणकावर काम करणारी तरुण मंडळी असे सारे अर्ज भरतात. व्हाक्वा असो की कास्काव्हेल, आपल्या समाजातील निदान एका घरी तरी या दिवसांत ‘मुलगी दोन महिन्यांसाठी भारतात जाणार’ ही बातमी येते. आजीला वाटते, नात पूर्वजांच्या मुलखात चालली. निघते ती बहुधा दिल्लीला, हैदराबादला किंवा नोएडाला, आणि कोकण तिथून फार लांब राहते. पण आनंद खरा असतो, आणि तो असावाही.

या प्रशिक्षणांपैकी सर्वांत मोठी योजना म्हणजे भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य, जिला सगळे ‘आयटेक’ म्हणतात. भारत सरकारने ती १५ सप्टेंबर १९६४ रोजी सुरू केली. आपला देश तेव्हा स्वतंत्रही झाला नव्हता. आज १६० हून अधिक देशांतील लोक तिचा लाभ घेतात. २०२० साली महामारीमुळे वर्ग दूरस्थ पद्धतीने घ्यावे लागले, नंतर माणसे पुन्हा प्रत्यक्ष जाऊ लागली. जाण्यायेण्याचे विमानभाडे, शिकवणीची फी, राहण्याची सोय आणि रोजच्या खर्चासाठी भत्ता भारत सरकार देते, व्हिसालाही पैसे पडत नाहीत. एका विकसनशील देशाने दुसऱ्यांसाठी हे इतकी वर्षे चालू ठेवले, ही थोर गोष्ट आहे आणि आम्ही ती कृतज्ञतेनेच सांगतो.

तरीही एक प्रश्न आम्हांला बरेच दिवस टोचतो आहे. प्रवासाच्या साहाय्याचा सारा विचार तिकिटाभोवती फिरतो. आसन कोणते, सामान किती किलो, विमानतळावर घ्यायला कोण येणार, हे सगळे विचारले जाते. ज्या खोलीत माणूस साठ रात्री झोपणार, त्या खोलीबद्दल मात्र कोणी विचारीत नाही.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. उमेदवाराचे नाव आपले मंत्रालय सुचवते. मंजुरी भारताच्या उच्चायुक्तालयामार्फत येते. शिकवणारी संस्था तिसरीच असते. संस्थेचे स्वतःचे वसतिगृह असेल तर ठीक, नसेल किंवा भरलेले असेल तर ती जवळचे हॉटेल ठरवते, म्हणजे चौथा पक्ष आला. खोल्यांचा दर आधीच ठरलेला असतो, त्यात बसेल ते हॉटेल घेतले जाते. प्रत्येकाला वाटते की सुरक्षिततेची पाहणी दुसऱ्याने केली असेल. चार घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

हा धोका आम्ही कल्पनेने उभा करीत नाही. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीच्या करोल बाग भागातील ‘अर्पित पॅलेस’ हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ जण दगावले. मार्गिकांच्या भिंतींना लाकडी अस्तर होते, ते पेटले, आणि खोलीचे दार उघडले तर बाहेर पडायला वाटच उरली नाही. १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेत एका इमारतीत खालच्या बाजूला विजेवर चालणाऱ्या स्कूटरांचे दुकान पेटले. वरच्या मजल्यांवर हॉटेल होते. धूर जिन्याने वर चढला आणि ८ माणसे गेली. मृतांत नोकरीच्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेलेही होते. २९ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्याच्या बडाबाजार भागातील हॉटेलात १४ जण मेले, त्यांतले बहुतेक धुराने गुदमरून. आणि हे नवे नाही. जानेवारी १९८६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमधील एका बड्या हॉटेलात अशाच आगीत तीसहून अधिक पाहुणे दगावले होते. तेव्हा मोठे हॉटेल म्हणजे निर्धोक हॉटेल, असेही कोणी समजू नये.

या घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर ज्वाळेपेक्षा धुराने जास्त माणसे मारली, हे पहिल्यांदा दिसते. धूर जिन्याला धुराडे करून वर जातो. झोपेतल्या माणसाला त्याचा वास येऊन जाग येईलच असे नाही. थंड हवेच्या यंत्रासाठी खिडक्या कायमच्या बंद केलेल्या असल्या, दर्शनी बाजू काचांनी किंवा जाहिरातीच्या पत्र्यांनी झाकलेली असली, की खोली पेटीसारखी होते.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. कोलकात्याच्या हॉटेलच्या अग्निशमन दाखल्याची मुदत संपून गेली होती, हे आपण निष्काळजीपणा म्हणून समजू शकतो. पण करोल बागेतल्या हॉटेलकडे दाखला होता! दाखला देताना पाहणी झाली असेल त्या दिवशी जिना मोकळा असेल, पुढे काय झाले ते कागदाला कळत नाही. म्हणून केवळ ‘दाखला आहे का’ एवढे विचारून भागत नाही. महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगली तरतूद केली आहे. तेथील २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा भोगवटादाराला दर जानेवारी आणि जुलै महिन्यांत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून ती चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते सगळीकडे मनापासून पाळले जाते असा आमचा दावा नाही. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल आवारात १४ माणसे उपाहारगृहाच्या आगीत गेली, ती याच कायद्याच्या राज्यात. पण पुण्यातील संस्थेत जाणाऱ्याला निदान नेमका कोणता कागद मागायचा हे तरी ठाऊक असते.

येथे आपल्या स्वभावाबद्दलही एक शब्द लिहावासा वाटतो. हॉटेल हा आपल्याला परका विषय नाही. फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर आपल्यातल्या कित्येक घरांतली माणसे कामाला जातात. पण आपली हॉटेले दोन-तीन मजल्यांची, उघड्या सज्जांची, दार उघडले की वाळू. अरुंद गल्लीतली सहा मजली इमारत, एकच जिना, खिडकीला गज, ही रचना आपल्या मुलांच्या अंगवळणी नाही. धोका ओळखायला आधी तो डोळ्यांना दिसावा लागतो.

आमच्या नात्यातील एक शिक्षिका काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका शहरात प्रशिक्षणाला गेली होती. संस्थेचे नाव आम्ही लिहीत नाही. वसतिगृह भरले म्हणून सगळ्या तुकडीला एका हॉटेलात ठेवले. पाचवा मजला, मागच्या जिन्यावर जुन्या गाद्यांची थप्पी, आणि त्या जिन्याच्या दाराला कुलूप. तिने व्यवस्थापकाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, चोर येतात म्हणून कुलूप आहे. इथे आजवर काही झालेले नाही.” परक्या देशात सरकारी पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला पुढे बोलायचा संकोच वाटला. आपण तक्रारखोर ठरू, पुढच्या वर्षी आपल्या देशाची जागा जाईल, अशी तिची भीती. दोन रात्री ती कपडे न बदलता झोपली. तिसऱ्या दिवशी टांझानियाच्या एका वयस्क अधिकाऱ्याने सगळ्यांच्या सह्यांचे पत्र संस्थेच्या संचालकांपुढे ठेवले. संध्याकाळपर्यंत कुलूप निघाले, गाद्या हलल्या, आणि कोणाचीही जागा गेली नाही.

हा संकोच एकट्या मुलीने मोडावा अशी अपेक्षा आम्हांला अन्यायाची वाटते. हे काम आपल्या मंत्रालयाचे आहे. नाव पाठवतानाच संस्थेला दोन ओळींचे पत्र जावे: राहण्याची जागा कोणती, तिचा अग्निशमन दाखला कधीपर्यंतचा, बाहेर पडायचे जिने किती, आणि रात्री फोन उचलणारा संस्थेचा माणूस कोण. यजमानाचा यात अपमान नाही. भारतातील हॉटेलांना परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी नोंदणी कार्यालयाला कळवावीच लागते. पाहुण्याची चौकशी यजमान करतो, तर यजमानाच्या घराची चौकशी पाहुण्याच्या सरकारने का करू नये?

विमा हाही मंत्रालयाने हाती घेण्याचा विषय आहे. अचानक आजारपणाची सोय अशा योजनांत असते, परंतु जुनी दुखणी आणि दात सहसा वगळलेले असतात. मधुमेह आपल्या बेटावर किती घरांत आहे हे वाचकांना सांगायला नको. साठ दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत असावी.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. भारताचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासाने पुढे असते, आणि विमान अवेळी उतरले की माणूस थकलेला असतो, नेमके त्याच वेळी तो विमानतळाबाहेर भेटेल त्या टॅक्सीत बसतो. घ्यायला येणाऱ्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक निघण्यापूर्वीच मागून घ्यावा. खोली मिळाल्यावर पेटी उघडण्याआधी मार्गिकेत जाऊन जिन्यापर्यंत किती दारे लागतात ती मोजावीत, कारण धुरात दिसत नाही, हाताने मोजावे लागते. जिन्याने एकदा खाली उतरून पाहावे. कुलूप दिसले तर त्याच वेळी संस्थेला लेखी कळवावे, आणि शक्य तर सगळ्या तुकडीने मिळून. खोली मागताना खालचा मजला मागावा, अग्निशमन दलाची शिडी तिथवर सहज पोचते. आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. मार्गिकेत धूर असेल तर दार उघडू नये, फटीत ओले टॉवेल कोंबून खिडकीपाशी थांबावे. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापवणारे यंत्र असेल आणि हवा जायला झरोका नसेल, तर ती खोली घेऊच नये. त्या वायूला वास नसतो.

आपल्याकडे रुग्णवाहिकेसाठी ११४ फिरवायची सवय आहे. भारतात पोलीस, आग आणि आजारपण या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक चालतो. दिल्लीत आपले उच्चायुक्तालय आहे, मुंबईत आपले वाणिज्य दूतावास कार्यालय आहे. दोन्हींचे क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टात ठेवावेत, फोन हरवला तर फोनमधले क्रमांक उपयोगी पडत नाहीत. हॉटेलने पासपोर्ट मागितला तर त्याची प्रत काढून मूळ लगेच परत घ्यावा.

आणि हॉटेलचे नाव, मजला व खोलीचा क्रमांक घरी कळवावा. त्या शिक्षिकेने पहिल्या रात्री तो कळवला नव्हता, आई उगाच काळजी करील म्हणून. आईने नंतर आम्हांला सांगितले की काळजी ती तशीही करीत होती, फक्त फोन कोणाला करावा हे तिला माहीत नव्हते.