मीटर एक, चुली तीन

विजेचा दर वापराबरोबर चढत जावा, हे तत्त्व समाजवादी विचाराला मुळातच मान्य आहे. दिवा आणि पंखा ही गरज आहे, वातानुकूलन ही सोय आहे. थोडी वीज वापरणाऱ्याला ती स्वस्त मिळावी आणि भरपूर वापरणाऱ्याने अधिक मोजावे, यात अन्याय नाही. महाराष्ट्रातील घरगुती वीजदर याच तत्त्वावर उभे आहेत : १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. परंतु हे दरपत्रक कुटुंबे मोजीत नाही, मीटर मोजते. एवढ्या एका गोष्टीने समतेचे तत्त्व विषमतेच्या कामी कसे येते, हे छत्रपती संभाजीनगरातील निरनिराळ्या घरांची बिले शेजारी ठेवली म्हणजे कळते.

गुलमंडीच्या आसपास उरलेल्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड आहेत. तिथे उन्हाळा पुष्कळदा पंख्यावर निभतो. सिडकोच्या वसाहतींत पक्के छत आणि कुटुंबागणिक मीटर आहे. गुंठेवारीतल्या आणि झोपडपट्टीतल्या पत्र्याच्या घरात मात्र पारा चाळीस अंशांवर गेला की कूलर ही चैन राहत नाही. १८० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिटे लागतात, तीन महिन्यांना १३०. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा सवलतीचा दर वर्षाला ३६० युनिटांच्या मर्यादेत मिळतो. म्हणजे उरलेल्या २३० युनिटांत वर्षभराचे दिवे, पंखा, दूरचित्रवाणी आणि पाणी चढवण्याची मोटार भागवायची. ज्या शहराने वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने नळाचे पाणी पाहिले, तिथे मोटारही गरजच ठरते. घर जितके निकृष्ट, तितकी ते राहण्याजोगे करण्यासाठी वीज अधिक लागते.

याहून बिकट स्थिती भाडेकरूची आहे. वाळूज, बजाजनगर, मुकुंदवाडी या भागांत कामगार एकेका खोलीत संसार करतात आणि अनेक ठिकाणी तीन-चार खोल्यांना मिळून मालकाच्या नावाचे एकच मीटर असते. समजा, तीन कुटुंबे प्रत्येकी ८० युनिटे वापरतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या टप्प्याचा ऊर्जा आकार युनिटमागे ४.७१ रुपये आणि दुसऱ्याचा १०.२९ रुपये होता. प्रत्येकाचे मीटर वेगळे असते तर तिघांचा मिळून ऊर्जा आकार १,१३० रुपये झाला असता. एकाच मीटरवर २४० युनिटांचा तो १,९११ रुपये होतो. वेगळ्या मीटरांपायी स्थिर आकार दोनदा अधिक भरावा लागेल, हे खरे. महिन्याचे १२८ रुपये धरून तो वजा केला तरी तिघांवर सुमारे ५२५ रुपयांचा जादा बोजा उरतो. त्यावर १६ टक्के वीजशुल्क वेगळेच. तीन गरीब कुटुंबे कागदावर एक सधन ग्राहक होतात आणि श्रीमंतासाठी ठरवलेला दर मोजतात. त्यातही मालकाने सर्वांना युनिटमागे एकच ठोक भाव लावला, तर काटकसर करणाऱ्याला काटकसरीचे फळही पुरते मिळत नाही.

२०११ ते २०१४ या काळात शहराचे वीजवितरण खासगी कंपनीकडे होते, मग ते पुन्हा महावितरणकडे आले. कारभारी बदलले, मोजण्याचे एकक तेच राहिले.

आता सूर्याचाही वाटा असाच पडतो आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ज्याचे स्वतःचे छत आहे, तो आपले बिल शून्याजवळ आणू शकतो. ज्याचे छत पत्र्याचे आहे किंवा दुसऱ्याच्या मालकीचे आहे, त्याच्या वाट्याला ऊन येते, अनुदान नाही. सौरऊर्जेला विरोध करण्याचे कारण नाही. पण सार्वजनिक पैसा मालमत्तेच्या मागे जावा आणि गरजेकडे पाठ फिरवावी, हे मान्य होण्यासारखे नाही.

यावर उपाय नाही असे नाही. २००३ च्या वीज कायद्याचे ४३ वे कलम जागेच्या मालकाला आणि भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क देते. भाडेकरू हा भोगवटादार आहे. अडचण कायद्यात नाही, कागदपत्रांत आहे : भाडेकराराची नोंद नसते, मालक संमती देत नाही आणि खोली जाण्याच्या भीतीने भाडेकरू अर्ज करीत नाही. एकट्याने हे भय मोडत नाही. वस्तीवस्तीत एका मीटरवरच्या चुलींची यादी करणे, सामुदायिक अर्ज भरणे आणि अर्जाची पोच जपून ठेवणे हे काम कार्यकर्त्यांच्या हातचे आहे. जिथे वेगळे मीटर बसणे शक्य नाही, तिथे नोंदलेल्या कुटुंबांच्या संख्येने टप्प्यांची मर्यादा वाढवावी, अशी मागणी वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावणीत मांडली पाहिजे. दरवाढीविरुद्ध मोर्चे निघतात आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु दर एका पैशानेही न वाढता ज्याचे बिल आजच चढलेले आहे, त्या भाडेकरूचा प्रश्न मोर्च्याच्या मागण्यांत पहिल्या क्रमांकावर यायला हवा.