अजिंठा ‘केला’!

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या चोपड्यात एक नवा सण सुरू होतो. ‘एका दिवसात सगळे’ हे त्याचे नाव. पहाटे चारला भाड्याची गाडी दारात उभी राहते. तीत सातांच्या जागी नऊ माणसे, भरिताचा डबा आणि पुऱ्यांची चळत कोंबली जाते. मध्यरात्री ही वरात परतते आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सांगते, ‘पद्मालय केले, पाटणादेवी केली, अजिंठा केला.’ अजिंठा केला! अहो, तो केला दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी. तुम्ही फार तर त्याच्या दारावरून गेलात.

कोणी म्हणेल, आजीही ‘काशी केली’ म्हणतच होती. होती ना! पण ती काशीला राहिली होती, गंगेत न्हाली होती, आणि परत येऊन मावंदे घातले होते. तिच्या ‘केली’त काही करणे होते. आपल्या ‘केले’चा खरा अर्थ ‘उरकले’ असा आहे.

याचे मूळ हौसेत नाही, हिशेबात आहे. गाडीवाले दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटरचे भाडे लावतात. गाडी कमी पळाली तरी पैसे तेवढेच. मग घरातला हिशेबी काका म्हणतो, ‘नुसत्या अजिंठ्याने अंतर भरत नाही, आणखी दोन ठिकाणे घ्या.’ भाजीवर कोथिंबीर मागून घ्यावी तशी देवस्थाने मागून घेतली जातात. काय पाहावे हे माणूस ठरवीत नाही, गाडीचा काटा ठरवतो.

मी मास्तर माणूस. मला मुलांची काळजी. पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख सापडला. (मुक्ताईचा चांगदेव वेगळा, धावत्या गाडीत दोघांची हमखास गल्लत होते.) आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवाने मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभांनी त्याला दान दिले, असे तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो लेख सांगतो. त्याचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. म्हणजे आपल्या खानदेशात, डोंगराच्या कुशीत, आठशे वर्षांपूर्वी गणिताची शाळा होती! वर्गात पोरांना यावर तासभर बोलता येते. पण सुट्टीत तिथे जाऊन आलेल्या पोराला विचारले, तर त्याला आठवते ते पाटण्याबाहेर खाल्लेले आइस्क्रीम. दोष पोराचा नाही. त्याला वीस मिनिटे मिळाली होती.

अजिंठ्याचे तर विचारूच नका. उन्हातून पहिल्या लेण्यात शिरले, की आधी काही दिसतच नाही. डोळे अंधाराला सरावावे लागतात. मग हळूहळू पद्मपाणीचा झुकलेला चेहरा उमटतो, हातातले कमळ दिसू लागते. सतराव्या लेण्यात सिंहलाची कथा भिंतभर पसरली आहे. सव्विसाव्यात सुमारे सात मीटर लांबीचा, पहुडलेला बुद्ध आहे. लेणी एकूण तीस. त्यात गाडी फाट्यावर सोडायची, पुढे बसने जायचे, मग पायऱ्या. हे दीड तासात? डोळे सरावायच्या आत ‘चला, चला, पाच वाजले’ सुरू होते.

हा रोग आपलाच आहे असे नाही. लंडनला स्थायिक झालेली आपली मंडळीही गावाकडचे पाहुणे आले, की भाड्याच्या मोटारीतून एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ दाखवून आणतात. त्याच इंग्लंडात टॉमस कुक याने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून सुमारे पाचशे लोकांची सहल आगगाडीने काढली होती. ती गेली कुठे? लफबरोला. एका दिवसात एकच गाव, आणि माणसे खुशीत परतली.

आता गाडी चालवणाऱ्याबद्दल. माझा एक जुना विद्यार्थी हाच धंदा करतो. पहाटे चारला निघून रात्री बाराला परत, आणि सणाच्या दिवसांत दुसऱ्या पहाटे पुन्हा गाडी. मागे सगळे पुऱ्या खाऊन पेंगत असतात. जागा असतो तो एकटा, आणि नऊ जीव त्याच्या पापण्यांवर. त्याने अजिंठ्याच्या फेऱ्या कितीतरी केल्या, पण एकही लेणे पाहिलेले नाही. ‘सर, मी गाडीत झोप काढतो,’ म्हणाला. ती झोप त्याने काढलीच पाहिजे. नाहीतर परतीच्या वाटेवर काय होईल ते सांगायला नको.

माझे भांडण गाडीशी नाही. गुडघे धरलेल्या आईला गाडीवाचून पाटणादेवीला कसे न्यावे? भांडण काट्याशी आहे. न पळालेल्या शंभर किलोमीटरचे पैसे बुडाले म्हणून हळहळणारे आपण, फैजपुरावरून मात्र न थांबता जातो. १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन तिथलेच. नंदलाल बोसांनी ते नगर सजवले होते. तिथे उतरायला पाच पैसे जादा पडत नाहीत.

यंदा भाऊबिजेनंतर गाडी ठरवाल, तेव्हा मालकाला सांगा : एकच ठिकाण, सकाळी सातला निघू, दिवेलागणीला घरी. चालक आमच्याबरोबर जेवेल आणि आमच्याबरोबर वर येईल. त्याचे तिकीट आम्ही काढू. फार लांब जायचे नसेल, तर अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहेच. आणि अजिंठ्यालाच जाणार असाल, तर सोमवार तेवढा टाळा. लेणी त्या दिवशी बंद असतात.