लाल म्हणा नाहीतर तांबडं म्हणा, एकच? मुळीच नाही!



सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी उरकत आली, आणि दरवर्षीप्रमाणं ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू झालाय. "पानं लाल पडलीत, काय फवारू?" प्रश्न टाकून पाच मिनिटं होत नाहीत तोवर खाली सात जणांची सात औषधं. त्यातली निम्मी बुरशीनाशकं. पान लाल पडलंय का तांबडं, हे मात्र एकही जण विचारत नाही.

मी विचारलं की लोक हसतात. "लाल म्हणा नाहीतर तांबडं म्हणा, रंग तोच ना!" रंगाच्या दुकानात असेल तोच. पिकाच्या पानावर तो एक नाही, आणि एक धरला की खिशाला चाट बसते. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वाचा, मग भांडा.

आधी शब्दांचं बघू. तांबडा आला तांब्यावरून, ताम्र या संस्कृत शब्दातून. लाल आला फारसीतून, तिकडं माणकाला लाल म्हणतात. गंमत बघा, शहरात शिकून आलेली पोरं तांबडा शब्दाला गावठी समजतात आणि लाल म्हणजे शुद्ध. खरं तर घरचा शब्द तांबडा, आणि पाहुणा म्हणून येऊन घरचाच झालेला तो लाल. दोन्ही आपलेच. पण पाहुणा आला म्हणून घरच्याला बाहेर काढायचं का?

बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, ते मला मान्य आहे. कुस्ती तांबड्या मातीतली म्हणा का लाल मातीतली, पैलवानाला फरक पडत नाही. भोपळा तांबडाही आणि लालही. पण काही ठिकाणी जीभ आपोआप एकच शब्द उचलते. पहाटे तांबडं फुटतं, लाल फुटत नाही. कोल्हापुरात रस्सा तांबडा. गोठ्यातली साधी गाय तांबडी, पण आमच्याकडची कंधारी मात्र लाल कंधारी, कारण तिचा रंग गडद आणि अंगभर एकसारखा. म्हाताऱ्या माणसांच्या कानाला हा फरक कळतो. त्यांना व्याकरण विचारलं तर सांगता येणार नाही, पण चुकीचा शब्द वापरला की ती लगेच टोकतात.

आता पिकाकडं या. आपल्या लोकांनी या दोन रंगांवरून दोन वेगळी दुखणी ओळखली आणि दोघांना वेगळी नावं दिली. कपाशीचा लाल्या, आणि गहू, सोयाबीन, भुईमूग, अंजीर यांच्यावरचा तांबेरा. ही नावं पडली तेव्हा गावात दुर्बीण नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. तरी नावं बरोबर पडली.

लाल्या हा रोगच नाही. पुस्तकात त्याला विकृती म्हणतात. बोंडं भरायला लागली की झाड खालच्या पानांतलं अन्न वर ओढतं. जमिनीत नत्र कमी, मॅग्नेशियम कमी, पाण्याचा ताण नाहीतर पाणी साचलेलं, आणि त्यात रात्रीची थंडी पडली की पानातलं हरितद्रव्य घटतं. मग जांभळाला आणि कोकमाला रंग देणारं जे रंगद्रव्य असतं, त्याच जातीचं रंगद्रव्य पानात उठून दिसायला लागतं. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर कडा लाल होऊन पान खाली वळतं. कारण काहीही असो, रंग पानाच्या आतला असतो. कितीही पुसा, बोट कोरडंच.

तांबेरा म्हणजे बुरशी. पानाच्या खालच्या बाजूला बारीक पुळ्या येतात, त्या फुटतात आणि भुकटी बाहेर पडते. ती भुकटी म्हणजे बुरशीचं बी, वाऱ्यावर उडून शेजारच्या रानात जाणारं. पांढऱ्या धोतराला घासा, डाग पडतो. इंग्रजीत याला रस्ट म्हणतात, म्हणजे गंज. त्यांनीही तेच बघितलं. लोखंडाचा गंज हाताला लागतो, तसा हा लागतो.

एका ओळीत सांगायचं तर लाल रंग पानात असतो, तांबडा रंग पानावर असतो.

अजून पटत नसेल तर गहू घ्या. गव्हावर तीन तांबेरे येतात, काळा, नारंगी आणि पिवळा. तांबडं म्हणजे नुसता लाल रंग असता तर "काळा तांबेरा" हे नाव ऐकून लोक हसले असते. कुणी हसत नाही, कारण तांबेरा म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर भुकटी येते. यालाच काही भागात गेरवा म्हणतात, गेरूवरून. महाबळेश्वरला राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. गेरूसुद्धा हाताला लागणारीच चीज. शब्द वेगळा, पण खूण तीच.

आता याचा पैशाशी संबंध काय ते सांगतो.

आमचे दाजी वाळवा तालुक्यातले, कृष्णाकाठचे. तिकडं सोयाबीनवर तांबेऱ्याचा जोर असतो. एका सप्टेंबरात त्यांचा फोन आला. आठ दिवस ढगाळ हवा, झिमझिम पाऊस, पानं दुपारपर्यंत ओली. म्हणाले, "पाव्हणं, सोयाबीन खालनं तांबडं पडाय लागलंय." माझ्याजवळ बसलेला पुतण्या लगेच म्हणाला, "काका, मॅग्नेशियम सांगा, आपल्याकडं कपाशीला देतो ते." मी दाजींना एवढंच म्हणालो, "पानाच्या खालनं बोट फिरवून बघा." दोन मिनिटांनी आवाज आला, "बोट तांबडं झालं की हो!" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रोपिकोनॅझोल, दहा लिटर पाण्याला दहा मिली, पानाच्या खालनं बसेल असं फवारलं. रान वाचलं. दाजींनी फोनवर तांबडं म्हटलं होतं, लाल नाही. त्यांच्या जिभेवर शब्द बरोबर होता.

उलटं उदाहरण आमच्याच शिवारातलं. शेजारच्या रानातल्या कपाशीचा फोटो दुकानात दाखवला गेला. काउंटरवरच्यानं मोबाईल हातात घेऊन सांगितलं, "हा तांबेरा, लाल म्हणजे तेच." बुरशीनाशक दिलं. आठ दिवसांनी फरक नाही, म्हणून त्याहून महागडं दिलं. दोन फवारण्या, औषध, मजुरी, आणि पंधरा दिवस गेले. लाल्याला बुरशीनाशकानं काय होणार? भुकेल्या माणसाला खोकल्याचं औषध पाजल्यासारखं झालं. त्या पंधरा दिवसांत २ टक्के डीएपी आणि त्यानंतर वेगळ्या फवारणीत १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट मिळालं असतं तर वरची बोंडं पोसली असती. (दोन्ही एका टाकीत मिसळू नका, साका बसतो.)

दुकानदाराला मी एकट्याला दोष देत नाही. त्याच्याकडं बाटली आहे, तो बाटलीच देणार. माझं भांडण आहे ते "रंग तोच ना" म्हणणाऱ्यांशी. त्यात ग्रुपवरचे तज्ज्ञ आले, फोटोवरून निदान करणारे आले, आणि आपणही आलो. मोबाईलचा कॅमेरा रंग दाखवतो, भुकटी दाखवीलच असं नाही. सकाळच्या उन्हात काढलेलं पान वेगळं दिसतं, संध्याकाळच्या उन्हात तेच पान पेटल्यासारखं दिसतं. वरच्या बाजूचा फोटो टाकला तर तांबेऱ्याची खरी खूण, जी खालच्या बाजूला असते, ती फोटोत येतच नाही. आणि वर आपण लिहितो "पानं लाल पडलीत". मग समोरच्यानं काय ओळखायचं?

कुणी म्हणेल, पैसे गेले तर गेले, एखादी फवारणी जास्त झाली तर काय बिघडलं? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. ती औषधं वेगळी होती, कारणंही वेगळी होती, मान्य. पण पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कपाशीत शिरणारा माणूस तोच असतो. त्याला गरज नसलेल्या फवारणीसाठी आत पाठवायचं, तेही एका शब्दाच्या आळसापायी, हे मला पटत नाही.

अजून एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. "आमच्याकडं तांबडा शब्दच बोलत नाहीत, सगळं लालच." विदर्भात, खानदेशात पुष्कळ ठिकाणी असं असेल. माझं म्हणणं असं नाही की उद्यापासून सगळ्यांनी सांगलीची बोली बोला. तुमच्याकडं लाल एवढाच शब्द असेल तर त्याला एक शब्द जोडा, "लाल, हाताला लागणारा" किंवा "लाल, हाताला न लागणारा". काम झालं. पण ज्यांच्या घरात दोन शब्द आहेत त्यांनी एक फेकून देऊ नये. पेरणीच्या दोन पाभरी असताना कुणी एक भंगारात घालतं का?

आणि हेही सांगून टाकतो, नुसत्या शब्दानं निदान होत नाही. ऊस उभा फाडल्यावर आत लाल आणि मध्ये आडवे पांढरे पट्टे दिसले तर ती लाल कूज, आणि ती बुरशीच आहे. कपाशीवरही उशिरा तांबेरा येऊ शकतो. म्हणून लाल म्हणजे खत आणि तांबडा म्हणजे औषध, असं पाठ करू नका. बरोबर शब्द वापरायचा म्हटलं की बोट फिरवून बघावंच लागतं, शब्दाचा फायदा तेवढाच. पण शेतात तेवढंच तर कमी पडतं.

तर यापुढं फोटो टाकायच्या आधी एवढं करा:

१. पान उलटं करा. खालच्या बाजूचा फोटो आधी, वरचा नंतर.
२. अंगठा नाहीतर पांढरा कपडा फिरवा. डाग पडला का ते लिहा.
३. शिरा हिरव्या आहेत का, कडा वळल्यात का, खाली तुडतुडे आहेत का ते बघा.
४. मागच्या आठ दिवसांची हवा लिहा. ढगाळ आणि ओली, का कोरडी आणि रात्री थंड.
५. शेवटचं खत कधी आणि कोणतं दिलं ते लिहा.

आणि कृष्णाकाठच्या मंडळींनो, पुढच्या खरिपात बियाणं घेताना कसबे डिग्रजच्या केंद्राचा फुले संगम (केडीएस ७२६) विचारात घ्या. तांबेऱ्याला तो बराच टिकतो. तरीपण ओल्या हवेत पान उलटून बघायचं सोडू नका.

ग्रुपच्या ॲडमिनना विनंती, "पानं लाल पडलीत" एवढीच पोस्ट आली की औषधं सुचवायच्या आधी खाली एकच प्रश्न टाका: लाल का तांबडं? पोस्ट टाकणारा चिडेल. चिडू द्या, रानात जाऊन पान उलटून तर येईल.

तुमच्या भागात या दोन रंगांना काय म्हणतात ते खाली लिहा. गावाचं नाव आणि पीकही लिहा. मी वहीत उतरवून ठेवतोय.